भिंत वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या अर्ल्स बार्टन गावच्या ऑल सेंट्स चर्चवरचा माझा लेख गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्याने समाधान झाले नाही. उभा जन्म बांधकामात घालवलेल्या एका मराठी अभियंत्याने दोन दिवस माझ्याबरोबर त्या चर्चच्या भिंतींपाशी उभे राहून मला काय दाखवले, हे इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

त्या चर्चची माझी ओळख एका टपाल तिकिटापुरती होती. १९७२ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने गावोगावच्या जुन्या चर्चची तिकिटे काढली, त्यांतल्या चार पेन्सच्या तिकिटावर अर्ल्स बार्टनचा मनोरा आहे, आणि ते तिकीट माझ्या वडिलांच्या संग्रहात होते. लेखाच्या पहिल्या मसुद्यात मी त्या इमारतीला सरळ ‘दहाव्या शतकातले चर्च’ म्हटले होते. तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि एवढेच विचारलेत, “यातला कोणता दगड दहाव्या शतकातला?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्याच शनिवारी तुम्ही गाडी काढलीत.

मनोऱ्याच्या कोपऱ्यापाशी तुम्ही मला सर्वांत जास्त वेळ उभे केलेत, आणि आता वाटते की तेच बरोबर होते. तिथे एक लांब चिरा उभा रोवलेला, त्याच्यावर एक आडवा, भिंतीच्या दोन्ही अंगांना आत शिरलेला, त्याच्यावर पुन्हा एक उभा, अशी मांडणी वरपर्यंत चढत जाते. तुम्ही आडव्या चिऱ्यावर तळवा ठेवलात आणि म्हणालात की मधली सगळी भिंत डबराची आहे, तिच्यावर गिलावा आहे, तेव्हा कोपरा आवळून धरायला असा घडीव दगड हवाच. इंग्रजीत या पद्धतीला ‘लाँग अँड शॉर्ट’ असे नाव आहे, आणि फ्रान्समधले नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडवर चालून येण्यापूर्वीच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या गवंड्यांची ती ठळक खूण मानली जाते. भिंतीवर उभ्या धावणाऱ्या अरुंद दगडी पट्ट्या, त्यांना मधेच जोडणाऱ्या छोट्या अर्धगोल कमानी आणि वरच्या भागातले तिरप्या पट्ट्यांचे त्रिकोण पाहून मला लाकडी सांगाडा आठवला. तसे मानणारे अभ्यासकही आहेत, असे तुम्ही सांगितलेत, पण माझी पाठ लगेच थोपटली नाहीत. पट्टीचा दगड भिंतीत किती खोल गेला आहे हे कळल्याशिवाय ती निव्वळ सजावट आहे असे म्हणू नये, अशी ताकीद दिलीत. घंटेच्या मजल्यावर प्रत्येक बाजूला पाच अरुंद कमानींची रांग आहे आणि त्यांच्यामधले खांब मधोमध फुगीर, कातीव लाकडासारखे दिसतात. ते तुमच्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा दगडाला असा आकार देणाऱ्या हातांविषयी मनात जी माया दाटून आली, ती मी लेखात लिहू शकले नाही, म्हणून इथे लिहिते.

मनोऱ्याच्या माथ्यावरचे दातेरी कठडे मी त्याच काळातले धरले होते. ते पंधराव्या शतकातले आहेत, म्हणजे खालच्या कामानंतर सुमारे पाचशे वर्षांनी चढवलेले. आत गेल्यावर बाराव्या शतकातले नॉर्मन काम, नागमोडी नक्षीच्या कमानी आणि त्यांच्यानंतर रुंदावलेले बाजूचे लांबट भाग तुम्ही भराभर दाखवल्यात, कारण तुमचे मन पुन्हा मनोऱ्याकडेच ओढ घेत होते. मूळ चर्चमध्ये मनोऱ्याचा तळमजला हाच लोकांच्या उपासनेचा मुख्य भाग असावा आणि पूर्वेला फक्त एक लहान गाभारा असावा, असे अभ्यासक मानतात. आज मुख्य इमारत वाटणारा सारा भाग नंतर जोडला गेला. आधी शिखर की आधी मंडप, हा प्रश्न इतक्या सरळपणे विचारता येतो हे मला त्या दिवशी कळले.

टॉमस रिकमन यांची गोष्ट तुम्ही परतीच्या वाटेवर सांगितलीत. विम्याच्या कचेरीत कारकुनी केलेल्या या माणसाने १८१७ सालच्या आपल्या पुस्तकात इंग्लंडच्या मध्ययुगीन वास्तुशैलींना दिलेली नावे आजही प्रचारात आहेत. सॅक्सन काम ओळखायचे कसे, हा प्रश्न त्यांना हंबर नदीकाठच्या दुसऱ्याच एका बार्टनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या मनोऱ्याने सोडवून दिला. तिथला सर्वांत वरचा मजला सुरुवातीच्या नॉर्मन धाटणीचा आहे, आणि त्याच्याखालचे पट्ट्यांचे काम अगदी वेगळे आहे. वरचे काम जर नॉर्मन, तर त्याला आधार देणारे खालचे काम त्याहून आधीचेच असले पाहिजे. कोणत्याही कागदपत्राविना, केवळ कोणता दगड कोणावर टेकला आहे एवढे पाहून काढलेला हा निष्कर्ष तुम्ही स्वतः शोधल्यासारख्या आनंदाने सांगत होतात. माझ्या लेखाची मांडणी मी त्या संध्याकाळी बदलली. आता तो शतकांच्या क्रमाने जात नाही, सांध्यांच्या क्रमाने जातो.

तुमच्या गुडघेदुखीचा त्रास मला ठाऊक होता, तरीही दुसऱ्या दिवशी ऊन तिरपे झाल्यावर गिलाव्यावरचे उंचवटे नीट दिसतात म्हणून तुम्ही पुन्हा आलात, आणि काकूंनी डब्यात दिलेल्या दशम्या आपण चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून खाल्ल्या. तुम्हा दोघांच्या कष्टाची मला जाणीव आहे. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

वडिलांच्या संग्रहातले ते चार पेन्सचे तिकीट या पत्रासोबत तुमच्या पत्त्यावर पाठवत आहे. ते तुमच्याकडे असावे अशी माझी इच्छा आहे. हंबरकाठच्या बार्टनला कधी जायचे ते तुम्ही ठरवा. गाडी या वेळी मी चालवेन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी