चि. मुक्तास: तुझ्या गावच्या गुन्ह्यांचा नकाशा पाहून

वाई,
दि. २१ सप्टेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या जीनोम केंद्राजवळच्या खेड्यात घर भाड्याने घेतल्याचे तू कळवलेस, तेव्हापासून तुझी आई रात्री नीट झोपलेली नाही. केंब्रिज शहरात राहिली असतीस तर तिची हरकत नव्हती. शहरात माणसे असतात, दिवे असतात, असे तिचे म्हणणे. त्यात मागच्या रविवारी तुझ्या चुलतभावाने तिला मोबाइलवर तिकडच्या पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा उघडून दिला आणि तुझ्या गावाचे नाव घातले. तिच्या नजरेला पहिले शीर्षक पडले ते ‘हिंसा आणि लैंगिक गुन्हे’. पुढचे तिने वाचलेच नाही. फोनवर हे सगळे सविस्तर बोलणे जमत नाही, आणि ती शेजारी बसलेली असताना तर मुळीच नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

मी पोलीस खात्यात अठ्ठावीस वर्षे काढली आणि त्यातली अकरा ठाण्यात क्राइम रायटर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी लिहिणारा, म्हणून बसलो. शाळा सुटल्यावर तू माझ्या टेबलाशेजारी बसून गृहपाठ करायचीस, ते टेबल तुला आठवत असेल. त्या टेबलावर मला एवढे नक्की कळले की गुन्हा घडणे आणि गुन्ह्याची नोंद होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि कागदावर दिसते ती फक्त दुसरी. आपल्याकडे शेजाऱ्याने शिवीगाळ केली, दमदाटी केली, तर ते प्रकरण बहुधा अदखलपात्र ठरते. रजिस्टरला चार ओळी उतरतात, तक्रारदाराला न्यायालयात दाद मागण्याची समज दिली जाते, आणि वर्षअखेरीस गुन्ह्यांची चर्चा होते तेव्हा त्या चार ओळी कोणाच्याच लक्षात राहिलेल्या नसतात. इंग्लंडमध्ये याच्या उलट आहे. तिथे धमकीचा संदेश, पाठलाग, सततचा त्रास, घरातल्या भांडणात दिलेला धक्का, हे सारे त्याच एका भयंकर शीर्षकाखाली जाते, मग कोणाला साधे खरचटलेही नसले तरी. आईने वाचलेल्या त्या शब्दांमागे नेमके काय घडले होते हे मला सांगता येणार नाही, पण दोन निरनिराळ्या प्रकारांची एकत्र मोट बांधून वर तिला असे नाव देणाऱ्या माणसाने आपल्या आईला तो नकाशा दाखवून पाहिला नसावा, एवढे खात्रीने म्हणतो.

तिथली नोंद इतकी काटेकोर का झाली, याचा इतिहास माझ्यासारख्या माणसाला गोडी लावणारा आहे. सगळ्या दलांनी एकाच रीतीने नोंद करावी म्हणून २००२ मध्ये नियम ठरवले गेले, तरी २०१४ साली पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या त्यांच्याच सरकारी संस्थेने दफ्तरे उघडली, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते आणि हिंसेच्या बाबतीत तर हे प्रमाण तेहतीस टक्क्यांपर्यंत जात होते, असे आढळले. त्याच वर्षी पोलिसांच्या आकड्यांना असलेला ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा, म्हणजे आकडे भरवशाचे असल्याचा अधिकृत शिक्का, काढून घेण्यात आला. यानंतर दले सावध झाली आणि आकडे चढू लागले. त्या चढत्या आलेखात गुन्हे किती वाढले आणि लेखणी किती सरळ झाली हे वेगळे काढणे कठीण असते. म्हणूनच तिकडे लोकांच्या घरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्याबाबत काय घडले’ असे विचारणारी एक स्वतंत्र पाहणी १९८२ पासून होत आली आहे. आपल्याकडे अशी पाहणी झाली असती तर माझ्या रजिस्टरांचे काय झाले असते, हा विचार मी निवृत्तीनंतरच करू शकतो.

आता तुझ्या गावाचा हिशेब. पाचशे वस्तीच्या गावात एक नोंद झाली की दर हजारी दोन असा दर लागतो. एका रात्री एकाच गल्लीतल्या तीन शेड फुटल्या, तर तो सहावर जातो आणि त्या महिन्यापुरते गाव एखाद्या बदनाम शहरासारखे दिसू लागते. परसातली अवजारांची शेड फोडली तरी ती घरफोडीतच धरली जाते, हेही लक्षात घे. शिवाय नकाशावरचा ठिपका हा गुन्ह्याचे खरे ठिकाण नसतो. कोणाच्या घरात काय झाले हे उघड होऊ नये म्हणून प्रत्येक घटना जवळच्या एका ठरावीक बिंदूवर नेऊन ठेवतात, आणि ‘अमुक रस्त्यावर किंवा त्याच्या जवळपास’ असे लिहितात. महामार्गालगतच्या पंपावर कोणी पेट्रोल भरून पैसे न देता पळाला, तर त्याचाही ठिपका तुमच्याच हद्दीत पडू शकतो. एका महिन्याचा नकाशा पाहू नकोस. तीन वर्षांचे महिने ओळीने पाहा, किती महिने कोरे गेले ते मोज, आणि मग आईला फोन कर.

तुझ्या भागात खरोखर काय चोरीला जाते, ते सांगतो. तुझ्या घराला गॅसची नळी नाही आणि अंगणात घर तापवण्याच्या तेलाची टाकी आहे असे तू लिहिले होतेस. अशा टाक्यांतून रात्री तेल उपसून नेणे हा तिथला जुना धंदा आहे, तेव्हा टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का ते पाहा आणि अधूनमधून तेलाची पातळी तपासत जा. शेतांवरून ट्रॅक्टरची उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रे आणि चारचाकी मोटारसायकली जातात. शेतकऱ्यांचा विमा उतरवणाऱ्या एनएफयू म्युच्युअल कंपनीने २०२३ सालातला ग्रामीण गुन्ह्यांचा फटका संपूर्ण ब्रिटनसाठी ५ कोटी २८ लाख पौंड धरला होता. जुन्या चर्चच्या छपरावरचे शिसेसुद्धा सोडत नाहीत. तुमच्या शेजारच्या बेडफर्डशायरमध्ये हॉटन कॉन्क्वेस्ट नावाच्या गावी २०१८ साली चोरांनी चर्चचे अख्खे छप्पर सोलून नेले. आणि आता सुगी संपली आहे, म्हणजे मोकळ्या रानात कुत्री सोडून ससे पकडण्यावर पैजा लावणाऱ्या टोळ्यांचे दिवस सुरू झाले. २००४ च्या कायद्याने त्या शिकारीवर बंदी आहे, २०२२ मध्ये शिक्षा आणखी कडक झाली, तरी केंब्रिजशायरची सपाट शेते त्यांना आवडतात. ही माणसे शेतकऱ्याच्या अंगावर गाडी घालायलाही कमी करत नाहीत. फिरायला गेलीस आणि बांधावर दोन-तीन गाड्या आणि सडपातळ, लांब पायांची कुत्री दिसली, तर थांबू नकोस, फोटो काढू नकोस, घरी येऊन पोलिसांना कळव.

पोलीस म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर आपले ठाणे येईल, पण तुझ्या गावात पोलीस चौकी नाही. एके काळी इंग्लंडच्या खेड्यांत पोलिसाला राहायला सरकारी घर असे आणि सायकलवरून गस्त घालणारा तो शिपाई प्रत्येक घरातल्या मुलांची नावे जाणत असे. ती घरे पुढे बहुतेक विकली गेली. आपल्याकडे निदान १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील गावातलाच असतो. तिथे त्याच्या जवळपास जाणारा माणूस म्हणजे गणवेशातला कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर, ज्याला २००२ च्या कायद्याने गस्तीचे काम दिले पण पोलिसासारखा अटकेचा अधिकार दिला नाही. गावोगावी ज्यांच्या पाट्या दिसतात त्या शेजाऱ्यांच्या पहारा-गटांची (‘नेबरहुड वॉच’) सुरुवातही शहरात झालेली नाही. ब्रिटनमधला तसला पहिला गट १९८२ मध्ये चेशायरमधल्या मॉलिंग्टन या खेड्यात निघाला. अर्थात गट असो वा नसो, डाव्या-उजव्या दोन्ही घरांत स्वतः जाऊन ओळख करून ये. जाताना आईने दिलेले लाडू ने.

जीव धोक्यात असेल किंवा गुन्हा डोळ्यांसमोर घडत असेल तर ९९९, बाकी सगळ्यासाठी १०१. बोलणे शक्य नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सूचना ऐकू आल्यावर ५५ दाब, म्हणजे फोन पोलिसांकडे जातो. मात्र तू कुठे आहेस हे त्यावरून आपोआप कळेल असे समजू नकोस. बँकेतून किंवा व्हिसा खात्यातून बोलतो म्हणून कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून दे. तसल्या फोनला गाव आणि शहर सारखेच.

आईने तुझ्या बॅगेत गुपचूप ठेवलेला मिरचीचा फवारा मी आदल्या रात्री काढून घेतला, हे तुला आज सांगतो. आपल्याकडे तो मुलींच्या पर्समध्ये सर्रास असतो, पण तिथे १९६८ च्या बंदुकीच्या कायद्याखाली ते बंदी असलेले शस्त्र आहे आणि नुसता जवळ सापडला तरी तूच आरोपी झाली असतीस. जोरात वाजणारा छोटा अलार्म तिथल्या दुकानात मिळतो आणि तो बाळगायला आडकाठी नाही.

आता ज्या गोष्टीची मला आईपेक्षा अधिक काळजी वाटते, ती. नोकरीत असताना एका ज्येष्ठ वकिलांनी मला एक खटला सांगितला होता. शापूरजी एदलजी नावाचे मुंबईचे एक पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावचे धर्मोपदेशक झाले. त्यांच्या घरी वर्षानुवर्षे निनावी, घाणेरडी पत्रे येत राहिली. १९०३ साली गावात रात्री गुरांची आणि घोड्यांची पोटे फाडण्याचे प्रकार सुरू झाले आणि संशय आला तो शापूरजींच्या मुलावर, जॉर्जवर. तो बर्मिंगहॅमला वकिली करणारा, अतिशय अधू दृष्टीचा, कोणाच्या अध्यात नसलेला मुलगा. त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी १९०७ मध्ये त्याची बाजू वृत्तपत्रातून मांडली, त्याला माफी मिळाली पण भरपाईचा एक पैसा मिळाला नाही. आणि फौजदारी अपिलासाठी स्वतंत्र न्यायालय त्याच वर्षीच्या कायद्याने स्थापन झाले, त्याला या खटल्याचाही हातभार लागला. मी तो खटला तपासी अंमलदाराच्या नजरेने वाचला आहे. चूक पुराव्यात नंतर झाली. आधी झाली ती संशयाची दिशा ठरवताना. लहान गावात काही विपरीत घडले की नजर प्रथम वेगळ्या दिसणाऱ्या घराकडे वळते, आणि हे मी साताऱ्याच्या खेड्यांतही पारधी वस्तीच्या बाबतीत इतक्यांदा पाहिले आहे की केवळ इंग्रजांनाच दोष देणे मला शोभणार नाही.

ते शतकभरापूर्वीचे आहे, आणि आजचे तिथले नियम पुष्कळ निराळे आहेत. एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचा तपास पोलिसांनी कसा केला हे तपासणाऱ्या १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालानंतर, गुन्हा वर्णद्वेषातून घडला असे पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही वाटले, तर पोलिसांनी तो तसाच नोंदवायचा असतो. ‘तसे वाटायला आधार काय’ असे ठाणे अंमलदाराने विचारत बसायचे नसते. गेल्या वर्षी साउथपोर्टमध्ये लहान मुलींची हत्या झाल्यानंतर तिकडे स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या तेव्हा तू इथे होतीस, टीव्ही तूही पाहिलास. तो वणवा मुख्यतः शहरांत आणि मोठ्या गावांत होता. तरीही कोणी बसथांब्यावर वेडेवाकडे बोलले, तर ‘जाऊ दे’ म्हणून सोडू नकोस. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव आणि कळव. नोंद नसेल तर पुढच्या वेळी ती पहिलीच वेळ ठरते.

आणि चोरांपेक्षा रस्त्याला भी. ब्रिटनमध्ये रस्त्यावर होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर होतात. तुझ्या गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याला पदपथ नाही, दिवे नाहीत, आणि अशा रस्त्यांवर सहसा ताशी साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर वेगाची मुभा असते. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळेल. स्टेशनवरून चालत येताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाल, चमकणारा पट्टा घाल, आणि विजेरी खिशात नको, हातात असू दे.

तुझ्या गल्लीत फाटकाशी अंडी ठेवलेली असतात आणि लोक डब्यात पैसे टाकून अंडी घेऊन जातात, हे तू सांगितलेले आईला फार आवडले. तिला लगेच शनिशिंगणापूर आठवले. मी तिला म्हटले, तिथेही चोरीच्या फिर्यादी झाल्या आहेत, तर ती चिडली.

एक काम आजच कर. तुझ्या मागच्या दाराचे कुलूप मुठीला वर उचलून मग किल्ली फिरवायच्या जातीचे असावे. मूठ न उचलता नुसते दार ओढून घेतले तर वरचे-खालचे आकडे बसत नाहीत आणि दार लागल्यासारखे दिसते. रात्री तसे नीट करतेस ना? किल्ली कुंडीखाली ठेवतेस का, हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे; ती तिथून काढ. कुलपाचा फोटो पाठव. तो पाहीपर्यंत नकाशा पुन्हा उघडणार नाही, असे आईने कबूल केले आहे.

तुझे,
बाबा