अण्णांना चुन्याचं विचारशील का?

प्रिय सुहास,

तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत, रागावला असशीलच. पण काल पुलावर जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? सुजाताला सांगायला गेलो तर म्हणाली, "अरे, विटाच आहेत ना त्या!" माझी तब्येत ठीक. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी काही नाही.

वे अँड अरुण कालव्याबद्दल तुला मागे लिहिलं होतं. फ्रेंचांच्या भीतीने लंडनहून पोर्ट्समथकडे आतल्या आत न्यायचा जलमार्ग. 1816 साली खुला झाला, तोवर वॉटर्लूची लढाई उरकली होती. (शनिवारवाड्यावर तेव्हा भगवा होता, बरं का.) मग रेल्वे आली आणि 1871 मध्ये कालवा बंद पडला. पात्र बुजलं, पूल ढासळले. 1970 पासून इथली माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन तो 23 मैलांचा कालवा पुन्हा उभा करताहेत. आमच्यात निवृत्त नर्स आहे, रेल्वेतला फिटर आहे, आणि अण्णांच्या हाताखाली घमेली वाहिलेला मी. त्यामुळे इथे मला गवंड्याचा मान आहे. हस, खुशाल हस.

काल त्यातल्याच एका पुलाचा कठडा उतरवत होतो. खालच्या थरांतला जुना चुना छिन्नीची टिचकी लागताच सुटत होता, वीट अख्खी हातात येत होती. वरचे थर मात्र कुणीतरी मागाहून सिमेंटात बसवलेले. तिथे ठोकलं की विटेची कड तुटून सिमेंटलाच चिकटून राहायची. पुष्कळ विटांचा तर दर्शनी पापुद्राच गेलेला. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती विटेत मुरते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि वीट फोडते. एवढं सगळं समोर दिसत असताना चहाला बसल्यावर आमच्यातलाच एकजण म्हणतो, "उरलेलं सिमेंटात उरकून टाकू."

माझं डोकंच फिरलं. पण तो मूर्ख नाही रे, तोच तर त्रास आहे. ऑक्टोबर निम्मा सरलाय. पारा 5 अंशांखाली गेला की चुन्याचं काम करता येत नाही. विटांमधल्या ताज्या चुन्याला हिमाचा कडाका लागला तर तो भुगा होऊन गळतो. माणसंही कमी झालीत. आणि पूल वरून उघडा राहिला तर हिवाळाभर कमानीत पाणी उतरणार.

तुझा घाटावरचा पराक्रम आठवला. पायऱ्यांच्या फटीत सिमेंट कोंबून आलास आणि अण्णांनी आठवडाभर तुझ्याशी बोलणं टाकलं. मी मध्यस्थीला आलो तर मलाच चुना मळायला बसवलं! आणि आज लोकांच्या वाड्यांना चुना लावत फिरणारा तूच. तेव्हा काय भांडला होतास माझ्याशी!

कमानीच्या कोपऱ्यातल्या विटांवर बोटभर खोल चरे आहेत. काठाने चालणारा घोडा नाव ओढायचा, तो ओला दोर घासून घासून ते पडलेत. त्या विटा मी खडूने नंबर टाकून वेगळ्या ठेवल्यात. त्या सिमेंटात घातल्या तर पुढच्या दुरुस्तीत एकही धड निघायची नाही, आणि तसल्या विटा कुठल्याच भट्टीत मिळत नाहीत. माझं म्हणणं, जमेल तेवढं चुन्यातच करू, ओल्या गोणपाटाने झाकू, राहिलेलं ताडपत्रीखाली ठेवून वसंतात हात घालू. पण नुसतं "नको" म्हणून भागणार नाही, पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर पटवावं लागेल.

म्हणून काम आहे. पावसाळा तोंडावर आला की अण्णा चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, वाढवायचे, हे मला पक्कं आठवतं. ती किती, कशी चाळायची, मळल्यावर किती वेळ ठेवायचं? चुन्यात बेलफळ, गूळ, हिरडा घालायचे ते नेमकं कुठल्या कामाला? सुरखीने चुना लवकर धरेल. थंडीवर ते औषध नव्हे हे मला कळतं, पण हाताशी आहेत ते दिवस तरी सार्थकी लागतील. आधी बाजूला एक तुकडा बांधून बघणार आहे.

मुक्ताला ॲडमिशन मिळाली, पेढे राहिलेत. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? गाडी घेतलीस असं ऐकलं. पसरणीचा घाट जपून चढ.

अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा समोर बसून त्यांच्या तोंडचं लिहून घे. तुझी मतं मध्ये घालू नकोस. कागदाचा फोटो शुक्रवारच्या आत पाठव.

तुझा,
मिलिंद