150 किलोचा आकडा आणि आमची जांभ्याची भिंत

खानापूर, जि. बेळगाव
दि. 18 ऑगस्ट 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : भिंतीवरचे घडीचे वर्कबेंच भिंतीतून उपसून पडल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत आणि माहितीपत्रक दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

रविवार, दि. 13 जुलै रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या कंपनीचे वर्कबेंच आमच्या गॅरेजच्या भिंतीतून उपसून खाली आले. त्यावर 15 किलोचा बिडाचा व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) होता आणि फार तर दहा किलोची हत्यारे. खोक्यावर आपण 150 किलो छापले आहे. मी व्हाइसमध्ये खिडकीची लोखंडी पट्टी धरून कानसत होतो. व्हाइस माझ्या डाव्या पायाशेजारी पडला आणि फरशी फुटली. माझा सात वर्षांचा नातू त्याच बाकाखाली बसून लाकडाचे तुकडे वेचत होता. आजीने आंबोळ्या खायला हाक मारली म्हणून तो उठून आत गेला, त्याला पाच मिनिटेही झाली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पत्र मी पैशासाठी लिहितो आहे, पण केवळ पैशासाठी नाही.

मी कोण आहे हे सांगणे भाग आहे, कारण माझ्या तक्रारीला आपण दिलेल्या उत्तरात मला बाक बसवता आला नाही असे म्हटले आहे. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी 31 वर्षे पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा, होतो. बिडाचे कास्टिंग थंड होताना फुटामागे साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) आकसते, म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा वाढवून करावा लागतो. ते सूत चुकले तर सगळा लॉट भंगारात जातो आणि पहिला जाब पॅटर्नवाल्याला विचारतात. कागदावर आकडा लिहिला की त्याची जबाबदारी आपली, अशी सवय त्या कामाने लागली. आपला 150 चा आकडाही मी त्याच विश्वासाने वाचला.

आमचे गॅरेज आतून नऊ फूट रुंद आहे. मुलाची गाडी पाच फूट चार इंच. उरतात तीन फूट आठ इंच, त्यातच दार उघडायचे आणि त्यातच माणसाने वावरायचे. तिथे कायमचे टेबल ठेवता येत नाही. उघडल्यावर वीस इंच आणि मिटल्यावर सहा इंच असा बाक मला हवा होता. फळी मी घरी केली असती, पण अडकून राहणारे घडीचे ब्रॅकेट आणि बिजागऱ्या जोडीने मिळतात म्हणून आपल्या वेबसाइटवरून 11,499 रुपये भरून पूर्ण संच मागवला.

मागवण्याआधी विचारले होते. 12 जानेवारीला आपल्या चॅटवर मी लिहिले, 'आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची आहे, गिलावा फक्त आतून आहे, चालेल का?' आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिले, 'होय सर, सर्व प्रकारच्या सॉलिड भिंतींना चालते.' त्याचा स्क्रीनशॉट सोबत आहे. आता 24 जुलैच्या ईमेलमध्ये आपण लिहिता की भिंत अयोग्य होती, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. माझी भिंत जानेवारीत जी होती तीच जुलैत होती.

भिंतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या कार्यालयात जांभा पाहिलेला माणूस बहुधा नसावा. खानापूर, चंदगड, सिंधुदुर्ग, गोवा, खाली कारवार आणि पुढे केरळपर्यंत जुनी-नवी असंख्य घरे याच दगडाची आहेत. कन्नडमध्ये त्याला जंबिट्टिगे म्हणतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज कापता येतो, आणि उघड्यावर राहून हळूहळू कडक होतो. पोकळ विटेसारखा तो आतून रिकामा नसतो, त्यामुळे सामान्य माणूस त्याला सॉलिडच म्हणणार. पण त्याच्या अंगात बारीक-मोठी छिद्रे असतात आणि तो पाणी पितो. ओला झाला की त्याची ताकद उतरते. माझा भाचा सिव्हिल इंजिनीअर आहे, त्याने मला मानकाचा आकडा दाखवला: जांभ्याच्या चिऱ्याला आयएस 3620 प्रमाणे किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन असावी लागते. घरांच्या स्लॅबला सर्रास वापरतात ते एम 20 काँक्रीट म्हणजे वीस न्यूटन. या दोन भिंतींना एकच फास्टनर आणि एकच 150 किलो कसे लागू होतील?

आपल्या संचात चार अँकर फास्टनर आले. नट आवळला की त्यांची बाही फुगते आणि भोकाच्या कडांना आतून दाबून धरते. तो दाब काँक्रीट सोसते. जांभ्यात कडच चुरते, आणि जितके आवळाल तितकी जास्त चुरते. फेब्रुवारीत कोरड्या भिंतीत त्यांनी पकड घेतली, मी स्वतः लोंबकळून पाहिले होते. जूनपासून कणकुंबीच्या बाजूने पाऊस लागला, गॅरेजची पश्चिमेची भिंत बाहेरून भिजत राहिली, आणि कानशीच्या हादऱ्यांनी उरलेले काम केले. पडल्यावर मी चारही फास्टनर तपासले. वरचे दोन सरळ उपसून आले होते, बाह्या तांबड्या भुग्याने माखलेल्या. खालचे दोन बाक उलटताना चिऱ्याचा लचका घेऊन आले. एकही तुटलेला नाही. पोलाद टिकले, भिंतीने सोडले.

आता वजनाचा हिशेब. आपला ब्रॅकेट भिंतीवर दहा इंच उभा आहे आणि बाहेर वीस इंच येतो. बाकाच्या पुढच्या कडेला जेवढे वजन पडेल त्याच्या दुप्पट ओढ वरच्या बोल्टांवर येते, हे तराजू धरलेल्या कोणालाही समजेल. म्हणजे पुढच्या कडेला 150 किलो ठेवले तर वरच्या दोन बोल्टांना मिळून 300 किलोने भिंतीबाहेर ओढले जाते. वजन सारखे पसरले तरी 150 किलोची ओढ आहेच. व्हाइस तर नेहमी पुढच्याच कडेला बसवतात, आणि कानसताना, करवत ओढताना माणूस त्यावर स्वतःचा भार टाकतो. 150 किलो ही फार तर आपल्या ब्रॅकेटची ताकद असेल. बाकाची ताकद भिंत ठरवते, आणि त्या भिंतीबद्दल आपल्या खोक्यावर एक शब्द नाही. वजन पसरलेले धरायचे की कडेला, हेही नाही. ते वर्कबेंच म्हणून विकले जाते, कुंड्या ठेवायची फळी म्हणून नाही.

माहितीपत्रकात उलट एक घातक सूचना आहे. सर्व भिंतींसाठी ड्रिल हॅमरवर ठेवा, असे त्यात छापले आहे. हॅमरचे ठोके जांभ्याला पेलत नाहीत. बारा मिलिमीटरच्या बिटाने भोक चौदाच्या पुढे गेले, हे मी नंतर कॅलिपरने मोजले. अशा दगडात हॅमर बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडायचे असते. शिवाय भोके कुठे घ्यायची याचा जो कागदी साचा येतो, त्याप्रमाणे आमच्या भिंतीत एक भोक नेमके दोन चिऱ्यांच्या सांध्यावर आले. साचा इंचभर सरकवायची मुभा आहे की नाही, हे लिहिलेले नाही.

आणि ते पत्रक इंग्रजी व हिंदीत. भोके पाडली आमच्या ओळीतल्या गवंडीमामांनी. त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येतात, आयुष्यभर त्यांनी जांभ्याचेच काम केले आहे. त्यांनी मला त्याच वेळी विचारले होते, 'काका, हॅमरवर कशाला?' मी त्यांना पत्रकातले चित्र दाखवले आणि गप्प केले. ती चूक माझी आणि मी ती मान्य करतो. छापील कागदापेक्षा त्यांचे ऐकायला हवे होते. पण तो कागद आपला होता.

फळीबद्दल एवढेच, की 'वॉटरप्रूफ वुड' म्हणून विकलेली ती वस्तू लॅमिनेट लावलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, निघाली. जुलैपर्यंत कापलेल्या कडा दोन सूत फुगल्या होत्या आणि बिजागरीचे स्क्रू बोटाने फिरत होते. पाण्याच्या जागी प्लायवूड वापरायचे तर किमान आयएस 303 चे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारे) घ्यावे, हे आमच्याकडचा कोणताही सुतार सांगेल. आमच्या पावसात एमडीएफला वॉटरप्रूफ म्हणणे ही फसवणूक आहे. याहून मवाळ शब्द मला सापडत नाही.

15 जुलैला मी ईमेलने तक्रार केली, फोटो जोडले. दोन दिवसांनी पोच आली, 24 तारखेला नकार. त्यानंतर पाच वेळा फोन केला. मी मराठीत बोललो की मला महाराष्ट्राच्या विभागाकडे जोडतात, तिथे पत्ता सांगितला की 'सर, तुम्ही कर्नाटकात येता' म्हणून दुसरीकडे जोडतात. दुसरीकडे मी कन्नडमध्ये सांगितले, मला ती भाषा उत्तम येते, तर त्यांच्या पडद्यावर माझी तक्रार मराठी विभागात नोंदलेली दिसते म्हणून ते परत पहिल्या ठिकाणी पाठवतात. सीमाभागातल्या माणसाला दोन भाषा येतात हा त्याचा गुन्हा नाही. आपण आमच्या पत्त्यावर माल पोचवता, पैसे घेता, तेव्हा हा प्रश्न आला नव्हता.

या भिंतीवर बाक बसूच शकत नाही, असे कोणी म्हणू नये. पंधरा दिवसांपूर्वी दोन फूट पलीकडे मी नवीन बाक बसवला आहे. 12 मिलिमीटरचे बोल्ट भिंतीतून आरपार घेतले, बाहेरच्या बाजूला चार इंच चौरस आणि तीन सूत जाडीच्या लोखंडी पट्ट्या लावल्या, म्हणजे ओढ एका भोकावर न येता चिऱ्याच्या रुंद भागावर पसरते. बोल्टांची बाहेरची तोंडे पाणी जाऊ नये म्हणून बंद केली. आतून चार बाय दोनची सागाची पट्टी भिंतीच्या लांबीने आडवी घेतली आणि ब्रॅकेट तिच्यावर बसवले. पुढच्या कडेपासून दोन तिरके टेकू जोत्यापर्यंत उतरवले, ते मिटवताना आत वळतात. त्यामुळे बरेचसे वजन खाली जोत्यावर जाते आणि वरच्या बोल्टांची ओढ कमी होते. उंची माझ्या कोपराच्या जरा खाली, 35 इंच. गवंडीमामा आणि एक वेल्डिंगवाला, दोघांचे मिळून दीड दिवसाचे काम. आपल्या अभियंत्यांना हे कळत नसेल असे मी मानत नाही. त्यांनी ते एका पानावर छापले असते तर माझ्या नातवावर ती वेळ येता येता टळली, असे लिहावे लागले नसते.

आता माझे मागणे. संचाचे 11,499 रुपये आणि गवंड्याची मजुरी 900 रुपये मला परत मिळावेत. फुटलेल्या फरशीचे आणि नव्या बाकाचे पैसे मी मागत नाही. ब्रॅकेट आणि फळी खोक्यात भरून ठेवली आहे, आपण आपल्या खर्चाने उचलून न्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोक्यावर आणि वेबसाइटवर 150 च्या आकड्याशेजारी कोणत्या भिंतीत, कोणत्या फास्टनरने, वजन कुठे ठेवले असता, हे स्पष्ट छापावे. जांभा, मातीची वीट आणि पोकळ ब्लॉक यांसाठी वेगळी सूचना द्यावी, आणि ती मराठीत व कन्नडमध्येही द्यावी. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे, त्यांची नावे-पत्ते आपल्याकडे आहेत. त्यांना निदान एक संदेश पाठवावा. त्यांच्याही घरात मुले असतील.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीचे निवारण एक महिन्यात व्हायला हवे होते, ती मुदत 15 ऑगस्टला संपली. वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल आणि त्यातून इजा किंवा नुकसान झाले, तर उत्पादक जबाबदार धरला जातो, असे ग्राहक संरक्षण कायदा 2019 चे कलम 84 सांगते. आपल्या बिलावर 'वाद फक्त आमच्या शहरातील न्यायालयात' असे छापले आहे. पण याच कायद्याच्या कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि बेळगावच्या जिल्हा आयोगात जाईन.

सोबत बिल, 12 जानेवारीचा संवाद, आपली 24 जुलैची ईमेल, फोटो आणि माहितीपत्रकाच्या त्या पानाची प्रत जोडली आहे. उपसलेले चारही फास्टनर तांबड्या भुग्यासकट एका डब्यात ठेवले आहेत आणि भिंतीतली जुनी भोके मी मुद्दाम बुजवलेली नाहीत. आपला माणूस पाहायला येणार असेल तर आधी एक फोन करावा, मी घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव