सब्ज्याच्या वासाचं नाव

अश्दोद, इस्राएल, मंगळवार रात्र

प्रिय आई, प्रिय बाबा, शालोम.

बाळ आत्ताच झोपलं. रविवारी फोनवर तिचं नाव 'हदासा' ठेवल्याचं सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही "हादसा?" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. ते माझ्या मनातून जात नाही. आई, तू "छान आहे" म्हणालीस, पण तुझं कुठलं 'छान' खरं आणि कुठलं समजुतीचं ते मला कळतं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. नोंद झाल्यावर नुसतं कळवलं, ही माझी चूक. नाव मात्र तेच राहणार आहे. म्हणून ते का ठेवलं ते नीट सांगते.

बाबा, तुमच्या कानाला लागला तो हादसा, म्हणजे अपघात, अरबीतून उर्दू-हिंदीत आला. मुळात त्याचा अर्थ 'घडलेली गोष्ट'. त्या धातूचं हिब्रूतलं भावंड म्हणजे 'हदाश', नवीन. आणि ते घशातून काढायच्या 'हेत' अक्षराने सुरू होतं. आपल्या बाळाचं नाव साध्या 'हे'ने सुरू होतं आणि 'हे'नेच संपतं: हे, दालेत, सामेख, हे. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय जोर शेवटच्या 'सा'वर द्यायचा. तसं म्हणून बघा, तो दुसरा शब्द आठवणारही नाही.

'हदास' हे झुडूप आहे. सुक्कोथच्या सणाला लुलाव, म्हणजे खजुराची मिटलेली झावळी, बांधताना अरावाच्या, म्हणजे वाळुंजाच्या, दोन काड्यांबरोबर ज्याच्या तीन काड्या लागतात, तेच. बारमाही हिरवं, जाड चकचकीत पानं, पांढरी फुलं. चांगली काडी ती, जिच्या प्रत्येक पेरावर तीन-तीन पानं एका पातळीत फुटलेली असतात. पान चुरलं तरच वास येतो. आणि एस्तेर राणीचं मूळ नाव हेच. मेगिल्ला, एस्तेरच्या कथेची गुंडाळी, दरवर्षी बाबाच तर वाचून दाखवायचे: मोर्दखयने आईबाप नसलेल्या चुलतबहिणीला, हदासाला, म्हणजेच एस्तेरला वाढवलं. तल्मूद या आपल्या धर्मग्रंथात बेन अज्जाय हा पंडित म्हणतो, एस्तेर उंचही नव्हती, बुटकीही नव्हती, हदासच्या झुडपासारखी मध्यम होती. ते वाचलं आणि मला आजीच दिसली.

आई, तुला आजीचं नाव, रिबका, हवं होतं, मला माहीत आहे. मलाही तेच हवं होतं. पोटात होती तेव्हा मी तिला रिबकाच म्हणायचे. पण ह्यांच्या आईचं नावही रिव्का, आणि पोलंडकडून आलेल्या त्यांच्या घराण्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या मनात अशुभाची भीती घालून मला आजीचं नाव ठेवायचं नव्हतं. मग वाटलं, नाव नाही तर आजीचा वास तरी ठेवू. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटताना ती कुंडीतल्या सब्ज्याचं पान चुरून माझ्या नाकाशी धरायची. प्रार्थनेच्या वेळी मांडलेल्या मलिद्याच्या ताटात पोहे-खोबऱ्याच्या बाजूला तीच पानं. ताप आला की मी तिचा पदर नाकावर ओढून झोपायचे, त्यालाही तोच वास. इथे पहिल्या वर्षी हदासची काडी हातात आली, पान चुरलं आणि मी रडले. सब्जा आणि हदास एक नव्हेत, पण माझ्या डोक्यात ते एकाच कुंडीत वाढतात.

आणि बाबा, दोन नावं आपल्याला कुठे नवी? १७९६ साली मुंबईत आपल्या बेने इस्राएल लोकांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच शमुएल यहेज्केल. एस्तेर-हदासाचंही तसंच. तुम्हाला जड गेलं तर घरी तिला हदू म्हणा, मी मुळीच रागावणार नाही.

माझी काळजी करू नका. डिंक-अळीव मिळाले, ठाण्याहून आलेल्या मावशींनी लाडू करून दिले. घर उबदार आहे, पाळणा खिडकीपासून लांब ठेवलाय. हे रात्री दोनदा उठतात.

आता तुमचं. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची, आठवलं तेव्हा नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. आई, मोतीबिंदूची तारीख यंदा पुढे ढकलू नकोस. बाळ बघायला डोळे लागतील. जिन्यातला दिवा बदलून घ्या, उद्याच. थकलात तर बाराव्या दिवशी मलिदा छोटाच करा, पण एलियाहू हन्नाबीचं, आपल्या संदेष्ट्याचं, नाव घेताना बाळाचं नाव घ्या. ताटात सब्जा ठेवालच.

रविवारी फोन करेन. आई, तू फोन धर. बाबा, तुम्ही तिला हाक मारा, तुमच्या आवाजात. जोर 'सा'वर.

तुमची,
बाय