ट्रेनर मॅडमना केलेल्या फोनबद्दल

कोल्हापूर,
२५ मे

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

शनिवारची एसटी स्वारगेटहून वेळेवर सुटली. तू खाली सोडायला आली नाहीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही, तुझा कॉल चालू होता. पिशवीतला डबा मला सातारा गेल्यावर सापडला. थालीपिठं आणि ठेचा. एवढी रागावलेली असूनही तू पहाटे उठून थालीपिठं लावलीस, म्हणजे त्या रात्रीही तुझी झोप चार तासांच्या वर गेली नसणार. झोपेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

आधी माफी मागतो. तुझ्या जिमच्या ट्रेनर मॅडमना तुला न विचारता फोन केला, हे चुकलं. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा फ्रिजवरच्या कागदावरून नंबर घेतला. "पोर गेले आठ दिवस रात्रीची चार तास झोपतेय, आज तिला जड वजन देऊ नका," एवढंच बोललो. त्यांनी गुरुवारी तुला ११० किलोला हात लावू दिला नाही, आणि तू घरी येऊन दारातच म्हणालीस, "बाबा, मी एकतीस वर्षांची आहे. माझ्या वतीनं कुणाशी बोलायचं नाही." बरोबर आहे तुझं. ऑफिसात नऊ माणसं तुझ्या हाताखाली, फ्लॅटचं कर्ज तू एकटी फेडतेस, आणि बापानं शाळेत द्यावी तशी चिठ्ठी द्यायची, हे कुणालाही लागेल. तुझी आईसुद्धा आल्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

पण मी हॉलमध्ये झोपत होतो. तुझ्या खोलीच्या दाराखालचा उजेड मला दिसायचा. तीस वर्षं अडतीच्या दुकानात वह्या लिहिल्या, त्यामुळे आकडा दिसला की टिपून ठेवायची सवय आहे. सोमवारी दिवा गेला १ वाजून १० मिनिटांनी. मंगळवारी सव्वादोनला, अमेरिकेची मीटिंग लांबली म्हणून. बुधवारी पावणेदोन. आणि रोज पाच वाजता गजर. साडेपाचला तू पट्टा आणि बूट घेऊन बाहेर. मधल्या बुधवारी बाथरूमच्या कामाला गवंड्याचा माणूस आला नाही आणि लिफ्ट बंद, तर सिमेंटची पन्नास किलोची गोणी तू खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर आणलीस. मी दारात उभा होतो. तू हसत होतीस, पण गोणी खाली ठेवल्यावर भिंतीला टेकलीस आणि डोळे मिटलेस. ते डोळे मिटणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

कराडला गाडी दहा मिनिटं थांबली. गोळेश्वर तिथून जवळच. खाशाबा जाधवांची गोष्ट मी तुला लहानपणी कितीदा सांगितली असेल. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले ते तुला तोंडपाठ होतं, शाळेच्या भाषणात म्हणालीही होतीस. पण मी नेहमी पदकावर येऊन थांबायचो. त्याच्या आधलं सांगायचं राहून गेलं. जपानच्या इशीबरोबर त्यांची दमछाक करणारी लांबलचक कुस्ती झाली आणि त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मधे निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. पण तो नियम सांगायला, "आमच्या पैलवानाला अर्धा तास द्या" म्हणायला, आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेल्या अंगानं ते लढले आणि हरले.

एसटीत बसून मला एवढंच वाटत होतं की तिथं कुणीतरी बोलायला हवं होतं. मी फोन केला तो त्याच भावनेनं केला. तू खाशाबा नाहीस आणि मी तुझा अधिकारी नाही, हे मला कळतं. तरी.

वजनांना माझा विरोध आहे असं मनात आणू नकोस. आत्याला जे बोलायचं ते बोलू दे. रविवारी तू मला जिममध्ये घेऊन गेलीस आणि माझ्यादेखत शंभर किलो उचललंस. मी काहीच बोललो नाही, कारण आवाज फुटला नसता. मार्केट यार्डात गुळाचा रवा तीस किलोचा. चांगला धट्टाकट्टा हमाल एका वेळी किती रवे उचलतो हे मी रोज बघत आलो. माझ्या मुलीनं तीन रवे आणि वर दहा किलो एका दमात जमिनीवरून उचलले, पाठ सरळ ठेवून. यार्डात चहाला बसलो की मी हे सगळ्यांना सांगतो. काटेकोर तोलून सांगतो, एक किलो वाढवत नाही.

पण तालमीत आम्हाला पहिल्यांदा काय शिकवलं माहीत आहे? हौद्यात उतरायच्या आधी माती उकरायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची. कडक मातीत पडलं की हाडं मोडतात. पहाटे चारला उठायचं, जोर, बैठका, मग जोडीदाराशी लढत, मग थंडाई, आणि दुपारी प्रत्येक पोरानं झोपलंच पाहिजे. वस्ताद हातात वेताची छडी घेऊन फिरायचे. कुणी जागा सापडला तर संध्याकाळच्या मेहनतीला त्याला बाहेर बसवायचे. मला तेव्हा राग यायचा. मेहनत, खुराक आणि आराम ही तीन नावं ते एका दमात घ्यायचे. रात्री नऊला तालमीतला दिवा मालवलेला असायचा.

तुझा नानाकाका ऐकायचा नाही. त्याला गिरणीत रात्रपाळी होती. सकाळी सातला सुटला की तसाच तालमीत, डोळे लाल, वर हसायचा. माझ्यापेक्षा तो दुप्पट चांगला पैलवान होता, हे सगळी गल्ली जाणते. त्या सकाळी जोडीदारानं त्याला ढाकेचा डाव लावला. एरवी तो झोपेतसुद्धा सुटला असता. त्या दिवशी हात अर्धा क्षण उशिरा आला. खांदा निखळला तो आवाज मी ऐकला आहे. नानाचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, लग्नाच्या फोटोत तू बघितलंच असशील. चोवीस वर्षांचा होता. आमची आई तेव्हा त्याला काहीच बोलली नाही, नुसतं कपाळाला हात लावून चुलीपुढे बसली.

मला तुझ्या पाठीची भीती वाटते, कंबरेची वाटते. जड वजनाला दम कोंडून धरावा लागतो, त्यानं रक्तदाब चढतो, आणि आपल्या घरात तो आहे. पण सगळ्यांत जास्त भीती त्या अर्ध्या क्षणाची वाटते. अंग दमलं की वजन चुकीच्या जागी येतं आणि कळायच्या आत होऊन जातं.

हे भाषण झालं. माफ कर. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुझ्या वहीत तू प्रत्येक आठवड्याचं लिहितेस. स्नायू मेहनत करताना वाढत नाही, नंतर झोपेत भरून येतो, हे तूच मला सांगितलं होतंस. चार-सहा आठवड्यांनी एक हलका आठवडा घ्यायचा असतो, त्याला तुम्ही डीलोड म्हणता, तेही तूच सांगितलंस. मग बाथरूम फोडलेलं, ऑफिसचं रिलीज तोंडावर आलेलं आणि जुलैची स्पर्धा, हे तिन्ही एकत्र आले तो आठवडा हलका का धरत नाहीस? ऑफिसचा ताणही अंगावरच येतो गं. दांडीवर चढवला नाही म्हणून तो वजनात धरायचा नाही असं थोडंच आहे.

घराचं मात्र मला थोडं कळतं, ते तरी ऐक. बेडरूमच्या छताची ओल ही गच्चीची आहे. गच्ची सोसायटीची. ते काम सोसायटीच्या खर्चानं व्हायला हवं. सेक्रेटरींना तोंडी सांगत बसू नकोस, लेखी अर्ज दे आणि पोच घे. तू स्वतःच्या खिशातून करायला निघाली होतीस, ते थांबव. बाथरूमची गळती तुझी, ती तुलाच करावी लागेल. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायला सांग, खालच्या घरात डाग आला नाही तरच फरशी बसवू दे. गवंडी घाई करेल, ऐकू नकोस. ७ जूनला मृग लागतो, त्याआधी एवढं झालं तर बरं. गोणी उचलायला माणूस लाव. दोनशे रुपये मी पाठवतो.

हवं तर मी येतो. दिवसभर गवंड्यावर लक्ष ठेवीन, तुझी मीटिंग चालू असताना दार उघडीन, नळवाल्याशी बोलीन. ट्रेनर मॅडमशी बोलणार नाही, शब्द देतो. तू ये म्हणालीस तर ३० तारखेची गाडी धरतो, नाही म्हणालीस तर नाही येणार.

११० किलो तू उचलशील याबद्दल मला शंका नाही. माझी एवढीच इच्छा आहे की आदल्या रात्री दाराखालचा दिवा अकराला गेलेला असावा.

आईनं शेंगदाण्याचे लाडू केलेत, शेजारच्या प्रवीणबरोबर पाठवतो आहोत. तुझा निळा टॉवेल चुकून माझ्या पिशवीत आला, तोही त्यातच घातला आहे. रविवारी फोन कर. सकाळी नको, दहानंतर कर. तोवर झोप.

तुझा,
बाबा