हंडा अजून उचलू नकोस

लातूर,
रविवार, दुपार

प्रिय रंजे,

परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालीस आणि मग हळूच म्हणालीस, "शिंकले की थोडी लघवी सुटायलीय गं. पण माझं तर सीझर झालंय, खालून काहीच नाही झालं." मागे तुझ्या सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून मी तेव्हा जास्त विचारलं नाही. पण तेव्हापासून डोक्यातून जाईना. लेकरं झोपलीत, तेवढ्यात लिहायला बसले.

आधी हे ऐक. बाळ वरून काढलं म्हणून खालच्या स्नायूंना काही झालं नाही, असं नसतं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ते झोळीसारखे बांधलेले असतात. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतड्याचं शेवटचं टोक, सगळ्याला त्या झोळीचा आधार. नऊ महिने बाळाचा, पाण्याचा, वारेचा भार तिनेच पेलला. सीझरने हा त्रास होण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही. शिवाय वर पोटावर कातडीपासून गर्भाशयापर्यंत एकेक थर कापून शिवलेला. पोटाचे मधले स्नायू मात्र सहसा कापत नाहीत, दोन्ही बाजूंना सारतात. मला कितीतरी वर्षं वाटायचं की तेही कापलेत, आता पोटात बळ कधीच यायचं नाही.

थोरलीच्या वेळचं तुला मी कधी सांगितलंच नाही. 2016 साल आठव. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं, तेव्हा ती दोन महिन्यांची होती. गल्लीत टँकर आला की लेकरू आईच्या मांडीवर टाकून मी हंडा घेऊन धावायची. दवाखान्यातून सुट्टी देताना गोळ्यांची चिठ्ठी दिली होती आणि "जड उचलू नका" एवढंच म्हणाले होते. किती दिवस नको, पुढे उचलायचं तर कसं, एका शब्दाने सांगितलं नाही. त्याचा मला अजून राग येतो. हंडा कमरेवर घेतला की टाक्यात ओढ बसायची आणि लघवी सुटायची. पाणी भरताना लुगडी भिजतातच, म्हणून कुणाला कळलं नाही.

मग मी पाणी पिणंच कमी केलं. ऐन उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन पेले. त्याने उलट झालं. लघवी दाट झाली की पिशवी चिडते, घडोघडी लागल्यासारखं होतं. शौचाला खडा व्हायला लागला, कुंथावं लागलं, आणि कुंथण्याचा सगळा जोर पुन्हा त्याच झोळीवर. तू असं करू नकोस, पाणी पी.

चार वर्षं अशी काढली आणि मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. मला वाटलं होतं, व्यायामाचा कागद देतील. त्यांनी आधी तासभर नुसतं विचारलं: किती वेळा लघवीला जातेस, रात्री उठतेस का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. हा शेवटचा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. दुखत होतं. मी रडलेच. मग आतून तपासू का, म्हणून परवानगी विचारली, नको वाटलं तर आजच करायलाच हवं असं नाही म्हणाल्या. हातमोजा घालून एका बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, "तुमचे स्नायू ढिले नाहीत. तुम्ही सतत आवळून धरताय."

सुटेल या भीतीने मी दिवसभर सगळं आवळून बसायची. सतत मूठ वळलेल्या हाताने काही धरता येईल का? शिंक आली की आणखी आवळायला त्या स्नायूंत जागाच उरलेली नसायची. म्हणून मला पहिले तीन आठवडे आवळायचा व्यायाम दिलाच नाही. उताणं पडून गुडघे दुमडायचे, एक हात बरगड्यांवर ठेवायचा. श्वास आत घेताना बरगड्या बाजूला फुलतात आणि खालची झोळी आपोआप खाली सैल होते. सोडताना ती वर येते. ती सैल होणं मला आठव्या-नवव्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. त्या रात्री मी गाढ झोपले.

म्हणूनच मोबाईलवर बघून आवळायला सुरुवात करू नकोस. आवळण्याचे हे व्यायाम 1948 साली अर्नॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने मांडले. अनेकींना त्याने गुण येतो, पण आधी तुझे स्नायू ढिले आहेत की ताठ, हे कुणीतरी तपासायला हवं. ढिले निघाले तर साधारण आठ-दहा वेळा आवळून सोडायचं, असं दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही पडला म्हणून सोडायचं नाही. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव करायचा नाही. आणि शिंक, खोकला येतोय असं वाटलं की क्षणभर आधी आवळायचं. हे जमायला लागलं तेव्हा मी पुन्हा लग्नाच्या पंगतीत मोकळी हसले.

टाक्यांबद्दलही सांगते. माझ्या वणाच्या वर दोन बोटं कातडी बधिर होती. तिथल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून. मी आंघोळीतही तिथे हात लावत नव्हते. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी तिथे बोटांनी हलकं चोळायचं. आधी आजूबाजूला, मग वणावर, वर-खाली, आडवं. नाहीतर थर एकमेकांना चिकटून ओढ बसू शकते. माझा वण डाव्या टोकाला दोरीसारखा कडक लागायचा. महिनाभराने तिथली कातडी चिमटीत आली.

तुझी आई डिंकाचे लाडू देते, शेक देते, ते घे. फक्त पोट करकचून बांधू देऊ नकोस, तो दाब खाली जातो. हलका आधार चालेल. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळ, मग हाताच्या जोरावर उठ. काही उचलावंच लागलं तर श्वास कोंडू नकोस, सोडत सोडत उचल. पण हंडा अजून नकोच. पाणी भावजींना भरू दे, मी सांगितलंय म्हण. ताप आला, टाक्यातून पू आला, लघवीला आग झाली किंवा एका पोटरीला सूज आली, तर व्यायाम-बियाम ठेव आणि थेट डॉक्टर गाठ.

लातूरला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. बाळंतिणींचं बघणाऱ्या बाई कोण आहेत, ते मी तिथे विचारून ठेवते. पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन ये. तू आत जाशील तेव्हा ते माझ्या मांडीवर राहील. येताना दुपट्याची पिशवी तेवढी आण, बाकी सगळं माझ्याकडे आहे.

तुझीच,
माई