मृगाआधी चटणी आणि परडं

पुणे,
मे अखेर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताई आणि तिचं तान्हं बाळ दोघंही सुखरूप आहेत. सव्वा महिना होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही, म्हणजे मृग लागेल तेव्हा मी पुण्यातच असणार. यंदाची चटणी, म्हणजे आपला वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, आणि परडं, म्हणजे परसातली भाजीची लागवड, तुला नि बाबांनाच उरकायचं आहे. फोनवर सांगितलेली मापं निम्मी हवेत जातात, म्हणून सगळं लिहून पाठवते. हा कागद फ्रिजवर लावून ठेव.

रोहिणी लागल्या आहेत. मृग 7-8 जूनला लागतो. त्याच्या आत वाळवणाचं काम संपलं पाहिजे, कारण एकदा हवेत दमटपणा आला की कडक वाळलेली मिरचीसुद्धा दोन तासांत मऊ पडते. सध्या कोल्हापुरात दुपारी ढग जमतात आणि वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो. सकाळी आठला पसरायचं, तीनच्या आत उचलायचं. गच्चीवर खाली प्लॅस्टिक घालू नकोस, त्याखाली घाम सुटतो. जुनं सुती लुगडं दुहेरी करून घाल. संध्याकाळी उचललेली मिरची लगेच डब्यात कोंबू नको, घरात पंख्याखाली पसर आणि गार झाल्यावर झाक.

मिरची लक्ष्मीपुरीतून आण. अर्धा किलो संकेश्वरी, अर्धा किलो ब्याडगी. संकेश्वरी तिखटाला आणि वासाला, ब्याडगी रंगाला. नुसत्या ब्याडगीची चटणी लालभडक दिसते, पण रश्श्याला दम येत नाही. लवंगी घालायच्या भानगडीत पडू नको, बाबांच्या पोटाला सोसत नाही. घेताना दोन-चार मिरच्या मोडून आत बघ. देठाच्या खांद्याजवळ काळी बुरशी असते, ती वरून दिसत नाही. पांढरट डाग पडलेली फटकी मिरची स्वस्त असते, तिला ना रंग ना चव. मुठीत दाबून बघ, कुरकुरली तर ठीक, चामड्यासारखी वाकली तर तिच्यात ओल आहे आणि तू पाण्याचे पैसे मोजतोयस. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन दे. देठ कट्कन तुटला की झालं. देठ वाळल्यावरच काढ. किलोचं वजन देठ काढल्यावरचं धरायचं, म्हणून शंभर-दीडशे ग्रॅम जास्तच आण.

किलोभर मिरचीला बाकीचं असं: धने पाव किलो, जिरे 100 ग्रॅम, पांढरे तीळ 100, सुकं खोबरं पाव किलो, खसखस 25, हळकुंड 50. लवंग, दालचिनी, काळी मिरी, मसाला वेलदोडे, दगडफूल, नाकेश्वर, बादियान, तमालपत्र प्रत्येकी 10 ग्रॅम. जायपत्री 5 ग्रॅम, मेथ्या 5 ग्रॅम, खडा हिंग 10 ग्रॅम. कांदा अर्धा किलो, सोललेला लसूण पाव किलो, आलं 100 ग्रॅम, कोथिंबिरीची एक मोठी जुडी. खडे मीठ 200 ग्रॅम. तेल पाव लिटर धर, कांदा तळायला थोडं जास्त लागेल. यात साधारण अडीच किलो चटणी होते, तुम्हा दोघांना वर्षभर पुरून ताईला द्यायलाही उरेल.

खोबऱ्याची प्रत्येक वाटी कापताना कोपरा चावून बघ. एखादी खवट वाटी गेली तर सगळी चटणी महिन्याभरात वास मारते आणि मग त्याला इलाज नसतो. विकतच्या तयार चटणीवर माझा भरवसा नाही तो एवढ्यासाठीच. दळल्यावर खोबरं कसलं होतं ते कुणाला कळत नाही.

आता ओल्या जिनसांचं. चटणी बिघडते ती नव्वद टक्के यांच्यामुळे. कांदा पातळ उभा चिरून दोन दिवस वाळव, मग तेलात मंद आचेवर तळ. रंग आला म्हणून लगेच काढू नको. झाऱ्यातली एक काप गार होऊ दे आणि मोडून बघ. मोडली तर तयार. वाकली तर मधे पाणी आहे, आणि ते पाणी श्रावणात बुरशी होऊन वर येतं. लसणाच्या पाकळ्यांना तेलाचं बोट लावून तासभर उन्हात ठेव, सालं चोळली की सुटतात. लसूण आणि आल्याच्या चकत्या कडा तांबूस होईपर्यंत परत. कच्चा लसूण कुटून घालणाऱ्या बायका आहेत आणि त्या चटणीला वास खरोखर छान येतो, पण तिच्यावर रोज लक्ष ठेवावं लागतं. तू परतूनच घे. कोथिंबीर आदल्या दिवशी धुऊन सावलीत पसर, पाण्याचा थेंब राहिला नाही की तेलात कुरकुरीत कर.

कोरडे जिन्नस एकेक वेगळे भाज. एकत्र भाजले तर हळकुंड फुलेपर्यंत धने जळतात. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून तेलात तळ, हिंगही तसाच फुलव. दगडफुलाला दहा सेकंद पुरे. खसखस डोळ्यांदेखत करपते, तिच्यासाठी गॅस बंद करून तव्याच्या उरल्या उष्णतेवर हलव. खोबरं तांबूस होईपर्यंत, तपकिरी नाही. मिरची सगळ्यात शेवटी, चमचाभर तेलात, मंद आचेवर, फक्त गरम होऊन फुगेपर्यंत. काळा डाग पडला की चटणी कडू. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेव आणि बाबांना बाहेर कट्ट्यावर बसव, त्यांना ठसका लागला की अर्धा तास थांबत नाही.

मिक्सरला लावू नको. पातं तापतं, तेल सुटतं आणि रंग काळपट होतो. डंखावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, कुटलेली चटणी इतकी तापत नाही आणि भरड राहते, त्यामुळे कटाला तर्री चांगली येते. कांडपाला सकाळी पहिल्यांदा जा. तुझ्याआधी कुणाची हळद कुटली असेल तर उखळ पुसून घ्यायला सांग. क्रम मात्र तू सांभाळ: आधी मिरची आणि मीठ, मग धने-जिरे आणि खडा मसाला, मग चाळून वरचा चाळ परत, त्यानंतर खोबरं, तीळ, खसखस आणि शेवटी कांदा-लसूण-कोथिंबीर. तीळ-खोबरं आधी पडलं तर तेल सुटून मिरचीचा गोळा होतो आणि चाळणीतून काही उतरत नाही. बुट्टी आणि कोरडं फडकं घरून ने. हाताची आग झाली तर आधी खोबरेल चोळ, मग साबण. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. डोळ्याला हात लावू नको.

घरी आणल्यावर चटणी परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे. गरम भरली की बरणीच्या झाकणाला आतून पाणी धरतं. चिनी मातीची मोठी बरणी आदल्या दिवशी धुऊन दिवसभर उन्हात पालथी ठेव. भरायच्या आधी लहानशा निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून तिची धुरी दे. चटणी मुठीनं दाबून दाबून भर, मधे हवा राहायला नको. तीन-चार हिंगाचे खडे मधे मधे घाल, वर भाजून गार केलेल्या मिठाचा थर आणि मग दादऱ्याचं फडकं बांध. रोजच्यासाठी पावशेरभर लहान डब्यात काढून घे. मोठ्या बरणीत ओला चमचा कधीही नाही. खिडकीतल्या काचेच्या बाटलीत ठेवू नको, उजेडानं रंग उडतो. पंधरा दिवसांनी उघडून वास घे. कुठे पांढरी जाळी दिसली तर तेवढी खरवडून बाकीची वापरू नको. बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. जीव कितीही हळहळला तरी टाकून दे.

एवढा खटाटोप कशाला, असं तुला वाटेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं महामार्ग बंद पडला तेव्हा माळवं कोल्हापुरात येईना. ज्या घरात चटणी, डाळी, सांडगे होते त्या घरात चूल नीट पेटत राहिली. घरात भरलेली बरणी असणं हा मला फार मोठा आधार वाटतो, आणि तो आधार स्वतःच्या हातानं उभा करता यावा असं मला तुझ्याबाबतीत मनापासून वाटतं.

वापरताना एवढं बघ की या चटणीत मीठ आहे. भाजीत मीठ नेहमीच्या निम्मं घाल, चाखून मग वाढव. बाबांच्या बीपीसाठी हे फार गरजेचं आहे. दोघांच्या अख्ख्या मसुराला एक वाटी मसूर, एक कांदा, दीड चमचा चटणी. तेल तापल्यावर गॅस बारीक करून चटणी घाल, दहा-पंधरा सेकंद परत आणि लगेच उकळतं पाणी ओत. गार पाणी ओतलंस तर तर्री वर येणार नाही.

लोणच्याचं यंदा राहू दे. वळवाचं पाणी लागलेली कैरी टिकत नाही.

आता परडं. उन्हाळ्यात वेलांना आपण खोलगट आळी करतो, पाणी मुळाशी थांबावं म्हणून. पावसात तीच आळी वेलांचा जीव घेतात. आपली माती काळी, एकदा भिजली की आठ-आठ दिवस पाणी सोडत नाही आणि मुळं कुजतात. त्यामुळे पाऊस लागायच्या आत आळी मोडून उंचवटे कर. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घे, त्यात माती, एक बुट्टी कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड कालवून जमिनीच्या वर वीतभर येईल असं भर.

शेणखत चाळून घे. अर्धवट कुजलेल्या खतात हुमणीच्या अळ्या असतात, पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, डोकं तांबडं. त्या मुळं खातात आणि वेल एका दिवसात माना टाकतो. आपल्या भागात उसाला हुमणीचा किती त्रास आहे ते तुला माहीतच आहे. पहिला मोठा वळीव झाला की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर बसतात. खाली चादर धरून फांदी हलवायची आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायचे. अंडी घालायच्या आत मादी सापडली तरच उपयोग. म्हणून त्या तीन-चार संध्याकाळी कुठे बाहेर जाऊ नको.

मांडवाचे वासे आधी रोव, बी मागून. वेल आल्यावर खड्डे खणलेस तर मुळं तुटतात. दोडका आणि कारल्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजव, साल कठीण असते. पावटा, घेवडा आणि वरणा मात्र भिजवू नको, ते फुगून कुजतं. बी पेरभर खोल, आडवं ठेव. एका उंचवट्यावर तीन-चार बिया लाव आणि चार पानं आली की दोनच जोमदार रोपं ठेव, बाकीची उपटू नको, कात्रीनं काप. बियांचा डबा कपाटात वरच्या फळीवर आहे, कागदाच्या पुड्यांवर नावं लिहिली आहेत.

भिंतीकडेच्या ओळीत हळद लाव. एक-दोन डोळे असलेलं कोंब फुटलेलं बेणं, तीन बोटं खोल, वीत-वीत अंतरावर. नऊ महिन्यांनी काढायची. पुढच्या वर्षीचं हळकुंड घरचं व्हावं अशी इच्छा आहे. मिरचीच्या ज्या रोपांची पानं वर वळून आकसली आहेत ती उपटून टाक, हा बोकड्या रोग बाकीच्यांवर पसरेल. कढीपत्ता कमरेइतका छाट.

पाऊस लागेपर्यंत पाणी सकाळीच घाल आणि बुंध्याभोवती दोन बोटं उसाचं पाचट पसर. पावसाची झड बसली की मात्र ते बाजूला ओढ, त्याखाली गोगलगाई दडतात आणि रात्रीत घेवड्याचे कोंब फस्त करतात.

कांडपाला जायच्या आदल्या संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल कर. तळलेला कांदा कॅमेऱ्यासमोर मोडून दाखव, मग जा. आणि बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, विसरू नको.

तुझी,
आई